टार्स्कीची रेषा

सरळ रेषेवर लहान संख्या डावीकडे आणि मोठी उजवीकडे मांडतात, हे आपण शाळेतच शिकलो. आता एक अट घालू. रेषेवरचा एखादा बिंदुसमूह तुम्ही मला शब्दांत सांगायचा. पण शब्द मोजकेच मिळतील: बेरीज, गुणाकार, 'बरोबर', 'पेक्षा लहान', 'आणि', 'किंवा', 'नाही', 'अशी संख्या आहे' नि 'प्रत्येक संख्या अशी आहे'. एवढ्या भांडवलावर काय काय सांगता येईल?

पोटासाठी शाळेत गणित शिकवणारे वॉर्साचे तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की यांनी १९३० च्या सुमारास याचे उत्तर काढले. वर्णन कितीही लांबवा, हाती लागतात ते मोजके सुटे बिंदू आणि मोजके अखंड तुकडे. बस्स! याचे कारण, 'अशी संख्या आहे' हे शब्द दर वेळी काढून टाकता येतात. पाहा ना, क्षचा वर्ग, अधिक ब गुणिले क्ष, अधिक क, बरोबर शून्य. असा क्ष आहे का? क्ष शोधत बसायला नको. बच्या वर्गातून कची चौपट वजा करा; उत्तर उणे नसले की क्ष आहेच. टार्स्कींनी ही सोय हरएक विधानाला करून दिली.

म्हणजे १, २, ३ ही आपली साधी मोजणी या भाषेत पकडताच येत नाही, कारण ते सुटे बिंदू अनंत आहेत. मला तर हे भाग्यच वाटते. पूर्णांकांच्या गणितात गृहीतकांची कोणतीही सुसंगत यादी पुरी पडत नाही, हे गोडेल यांनी १९३१ मध्ये दाखवले. रेषेच्या भाषेत मात्र प्रत्येक विधान खरे की खोटे, हे ठराविक रीतीने ठरवता येते. शाळेतली भूमितीही तीत बसते.

ऑगस्ट १९३९ मध्ये टार्स्की एका परिषदेसाठी बोटीने अमेरिकेला निघाले. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. पत्नी व दोन मुले मागे राहिली. पुन्हा भेट झाली ती १९४६ साली! पॅरिसला छापायला दिलेला ग्रंथही युद्धात अडकला, प्रुफे तेवढी वाचली. १९४८ मध्ये मॅकिन्झी यांच्या मदतीने तो विषय अमेरिकेत नव्याने छापला गेला. पॅरिसची प्रुफे ग्रंथरूपाने निघाली १९६७ मध्ये.

'दोनाचा अमुक घात' हे शब्दही भाषेत घेतले तर? हा प्रश्न टार्स्कींचाच. तरीही मोजकेच बिंदू आणि तुकडे मिळतात, असे अलेक्स विल्की यांनी सिद्ध केले. त्यांचा निबंध १९९६ मध्ये छापून आला. खरेखोटे ठरवण्याची रीत मात्र अजून अधांतरी आहे: शानुएल यांचे एक अनुमान खरे धरले तर ती मिळते, आणि ते अनुमान अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.