चुंबकाच्या दारावरचा माणूस

गडांचा इतिहास सांगताना आपण गडाचे नाव सांगतो, किल्लेदाराचे सांगतो. दरवाजावर रात्रभर जागणाऱ्या पहारेकऱ्याचे नाव बखरीत क्वचितच सापडते. वैद्यकाच्या इतिहासाचेही असेच झाले आहे. एमआरआय यंत्र कोणी शोधले, हे कोणताही ज्ञानकोश सांगेल. ते रोज चालवणाऱ्या तंत्रज्ञाला मात्र त्यात जागा नाही. त्याचे काम समजून घ्यावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

माणूस न कापता त्याच्या आत पाहण्याची विद्या १८९५ च्या नोव्हेंबरात जन्मली. जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि वर्षभरात जगभर त्यांची नवलाई पसरली. त्या नवलाईची किंमत आधी भरली ती यंत्र चालवणाऱ्यांनी. किरण नीट येतात की नाही हे पाहावयाला ते स्वतःचाच हात मध्ये धरीत. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हा मूळचा काच फुंकणारा कारागीर. या कामात त्याचे हात भाजले, सडले, अखेर दोन्ही कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसनने या किरणांचा नादच सोडला. अशा बळींच्या स्मरणार्थ १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या रुग्णालयात एक शिळा उभारली गेली. पहिल्याच दिवशी तिच्यावर दीडशेच्या वर नावे होती.

एमआरआयमध्ये असले किरण नाहीत. आम्ही शाळामास्तर कागदाखाली लोहचुंबक धरून वर लोखंडाचा कीस भुरभुरवतो, तेव्हा तो कीस रांगा धरतो आणि मागच्या बाकावरची मुलेसुद्धा क्षणभर गप्प होतात. तसेच काहीसे येथे घडते. आपल्या देहात पाणी फार. त्या पाण्यातील हायड्रोजनचे अणुगर्भ प्रबळ चुंबकात शिरले की थोडेफार रांगेत येतात. मग रेडिओची लहर सोडून त्यांना डिवचावयाचे. ते पूर्वस्थितीला येताना जी क्षीण साद घालतात, ती टिपून चित्र काढावयाचे.

ही साद १९४६ मध्ये अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रथम ऐकली. १९५२ चे नोबेल त्यांना मिळाले; पण पुढची पंचवीसेक वर्षे ही विद्या रसायनशास्त्रज्ञांच्या परीक्षानळीपुरतीच राहिली. १९७१ मध्ये डॉ. रेमंड डॅमाडियन यांनी दाखवले की उंदरांच्या गाठींतील साद निरोगी मांसाच्या सादेहून निराळी असते. साद नेमकी कोठून आली हे कळण्याची युक्ती काढली पॉल लॉटरबर यांनी: चुंबकाचा जोर एका बाजूने दुसरीकडे चढता ठेवावयाचा, म्हणजे प्रत्येक ठिकाणचा स्वर वेगळा लागतो. त्यांचा लेख 'नेचर'ने आधी परत पाठवला आणि १९७३ मध्ये छापला. त्यातले चित्र होते पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे!

आता माणूस आत घालावयाचा होता. कोण जाणार? ब्रुकलिनमध्ये डॅमाडियन स्वतःच आधी बसले. पण देह स्थूल, साद काही येईना. मग त्यांचा सडपातळ विद्यार्थी लॅरी मिंकॉफ बसला. ३ जुलै १९७७ या दिवशी तो जवळजवळ पावणेपाच तास त्या यंत्रात होता, तेव्हा कोठे छातीचे एक ओबडधोबड चित्र निघाले. इंग्लंडात नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफील्ड यांनीही तेच केले. चुंबकाच्या बदलत्या जोराने हृदयाची लय बिघडेल, असा इशारा त्यांना मिळाला होता. १९७८ मध्ये ते स्वतःच आत उभे राहिले. या मॅन्सफील्डांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडलेली. शास्त्रज्ञ व्हावेसे वाटते असे सांगितले, तेव्हा सल्लागाराने त्यांना काहीतरी कमी महत्त्वाकांक्षेचे पाहा म्हणून छापखान्याच्या वाटेला लावले होते. आम्हा मास्तर मंडळींनी ही गोष्ट वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९८० मध्ये स्कॉटलंडातील ॲबर्डीन येथे पहिल्यांदा एका आजारी माणसाला त्या चित्राचा खरा उपयोग झाला. २००३ चे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले. डॅमाडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन भांडण मांडले. ते भांडण येथे नको.

येथे तंत्रज्ञ येतो. डॅलीला भीती होती ती स्वतःच्या हातांची. याला भीती असते ती दुसऱ्याच्या जिवाची. सर्रास वापरातला चुंबक दीड टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. त्याची वेटोळी द्रवरूप हेलियमात, उणे २६९ अंशांवर बुडवलेली असतात; एकदा प्रवाह सोडला की तो फिरतच राहतो. वीज जावो, भारनियमन असो, रात्री दिवे मालवोत, चुंबक चालूच. डोळ्यांना काही दिसत नाही, कानाला कळत नाही, आणि कात्री दारातून आत गेली की बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

म्हणून त्याचे निम्मे काम दाराबाहेरचे. हृदयात पेसमेकर आहे का? मेंदूच्या शस्त्रक्रियेत क्लिप बसवली आहे का? लेथवर काम करणाऱ्याला विचारावयाचे, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? आपल्याकडे त्यात भर पडते ती आकडे, सेफ्टीपिना, पैंजण, ताईत यांची. सोन्याचांदीला चुंबक ओढत नाही. पण ते तापू शकते, चित्र बिघडवते, आणि जरीच्या लुगड्याचेही तेच. मंगळसूत्र काढा म्हटले की आजीबाई गळ्याशी हात घट्ट धरतात. 'आजी, सूनबाईंच्या ओंजळीत ठेवा, त्या दारातच उभ्या आहेत,' असे समजावणे कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

आणि हे सारे कशासाठी? २००१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका रुग्णालयात यंत्रात निजलेल्या सहा वर्षांच्या मुलाकडे प्राणवायूचा सिलिंडर खेचला गेला आणि ते पोर दगावले. २०१८ च्या जानेवारीत आपल्या मुंबईतच तसे घडले. रुग्णाबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक सिलिंडर घेऊन खोलीत गेला आणि त्यात त्याचा अंत झाला. आत न्यायला काही हरकत नाही, असे त्याला सांगण्यात आले होते, असे घरच्यांचे म्हणणे. सतरा वर्षांचे अंतर, दोन खंड, वस्तू तीच.

उरलेले निम्मे काम माणसाला स्तब्ध ठेवण्याचे. आतल्या वेटोळ्यांत प्रवाह झपाझप चालू-बंद होतो, ती थरथरतात आणि लोहाराच्या भात्याशेजारी बसल्यासारखी ठोकाठोक सुरू होते. कानात बोळे घालूनही माणूस बावरतो. हलला की चित्र पुसट. तंत्रज्ञ काचेपलीकडून सांगत राहतो: श्वास घ्या, सोडा, आता रोखून धरा. कोणाला बंद जागेची धास्ती, कोणाला पाठीची कळ. प्रत्येकाच्या हाती तो एक रबरी फुगा देतो. दाबला की इकडे घंटा वाजते. आजीबाई तो फुगा मंगळसूत्रासारखाच घट्ट धरून निजतात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर येऊन विचारतात, 'झालं? अजून फोटो कुठं काढलात?'