चुकलेला ठोका : लासलगावच्या मालवाहतुकीतील एका निदानपद्धतीचा इतिहास

निफाड तालुक्यातील लासलगावचे नाव निघताच कांद्याच्या भावाचा विचार प्रथम मनात येतो. तेथील बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली. परंतु बाजारात येणारा व तेथून जाणारा माल वाहनाच्या भरवशावर असतो, आणि भरलेला कांदा वाटेत फार काळ थांबवून चालत नाही. म्हणूनच ‘गाडी मिसिंग मारते’ या मिस्त्रीच्या उद्गाराला आर्थिक इतिहासातही स्थान आहे.

पेट्रोल इंजिनात योग्य मिश्रण, पुरेसा दाब व वेळेवर ठिणगी यांपैकी एकाचीही उणीव झाली तर ठोका चुकतो. बॉश कारखान्यातील होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्चदाबाचा मॅग्नेटो सिद्ध केल्यानंतर विद्युत् ठिणगी भरवशाची झाली. दोष शोधण्याची रीत मात्र साधी होती. चालत्या इंजिनाच्या एकेका प्लगची तार काढावयाची. जी काढल्याने चालीत फरक पडत नाही, तेथे दोष. मग तो प्लग शेजारच्या सिलिंडरात बसवावयाचा. दोष प्लगाबरोबर सरकला तर प्लग वाईट; न सरकल्यास तार, डिस्ट्रिब्यूटर, मिश्रण वा वाल्व तपासावयाचे. प्लगावरील कोरडी काजळी अधिक इंधनाची, तर तेलकट ओल झिजलेल्या रिंगांची साक्ष देई.

टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये डिझेल मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. मालवाहतुकीत डिझेलचा प्रसार होत गेला, तसा ठिणगीचा प्रश्नच मिटला. कारण तेथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. तरीही रीत टिकली : तारेऐवजी नोझलकडे जाणाऱ्या नळीचे नट एकेक करून सैल करण्यात येऊ लागले. साधन बदलले, तर्क बदलला नाही.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींत स्वयंनिदानाची व्यवस्था अनिवार्य झाली. भारतातही उत्सर्जनाच्या नियमांबरोबर ती आली. क्रँकदांड्याच्या गतीतील सूक्ष्म फरकावरून संगणक चुकणारा सिलिंडर दर्शवितो, परंतु तो का चुकतो हे सांगत नाही. केवळ संकेतांकावर विसंबून सुटे भाग बदलल्यास खर्चाचा भार मालकावर पडतो, व दोष तसाच राहतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा, हा नियम मिस्त्रींनी ग्रंथांत नव्हे, हातांत जतन केला. बाजारपेठेचा इतिहास केवळ भावांच्या नोंदींवरून लिहिला, तर हे ज्ञान त्यातून निसटते. ते टिपून ठेवणे हे इतिहासाभ्यासकाचेच कार्य होय.