जोहार, नमस्कार, जय भीम : अभिवादनाच्या उत्तराचा इतिहास

मानवत हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गोदावरीच्या उत्तरेस काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेली ही कापसाची पेठ असून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर 'मानवत रोड' या नावाचे स्थानक आहे. मराठवाड्यातील अशा पेठेत बाजारच्या दिवशी तासभर उभे राहिल्यास कानी पडू शकणारी अभिवादने थोडीथोडकी नाहीत. शेतकऱ्याचा रामराम, सुशिक्षितांचा नमस्कार, मुसलमानांचा सलाम, जैनांचा जय जिनेंद्र, लिंगायतांचा शरणार्थ, वारकऱ्यांचे रामकृष्ण हरी, महानुभावांचा दंडवत प्रणाम आणि बौद्धांचा जय भीम. या शब्दांचा कोशातील अर्थ सांगून त्यांचे कार्य उलगडत नाही. रामराम म्हणणारा रामाविषयी काहीच सांगत नसतो.

मालिनोव्स्की यांनी १९२३ साली अशा बोलण्याला केवळ सहवास साधणारा वाग्व्यवहार म्हटले. शब्द कोण, कोणास व कोणत्या प्रसंगी योजतो याचा विचार करणारी 'प्रॅग्मॅटिक्स' ही शाखा पुढे विकसित झाली. तिचे हे नाव चार्ल्स मॉरिस यांनी १९३८ साली रूढ केले. तथापि मालिनोव्स्की यांचे वर्णन महाराष्ट्राच्या इतिहासाला लावू गेल्यास अपुरे पडते. येथे अभिवादनाने सहवास साधला जातो, तसाच तो नाकारलाही जातो. त्यामुळे अभ्यासकाने केवळ कोणता शब्द उच्चारला गेला हे पाहून भागत नाही. त्याचे उत्तर त्याच शब्दाने मिळते काय, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

मराठेशाहीतील पत्रांचे मायने हा या दृष्टीने फार बोलका पुरावा आहे. ब्राह्मणाने ब्राह्मणास लिहिताना 'साष्टांग नमस्कार', मराठा सरदाराने आपल्या बरोबरीच्या सरदारास 'रामराम', मराठ्याने ब्राह्मणास 'दंडवत' आणि ब्राह्मणाने मराठ्यास 'आशीर्वाद' असा सर्वसाधारण संकेत होता. पैकी पहिली दोन रूपे जशीच्या तशी परत येतात. उरलेल्या दोहोंत मात्र दंडवताला आशीर्वादाने उत्तर मिळते आणि वर्णभेद पत्राच्या पहिल्याच ओळीत नोंदला जातो. पेशवा आपल्या सरदाराचा सत्तेने धनी होता आणि वर्णाने आशीर्वाददाता. मायन्यात ही दोन्ही नाती एकत्र नांदत. मायना चुकविणे हा म्हणूनच लेखनदोष नव्हता; तो मानाचा प्रश्न होता.

हा प्रश्न किती तीव्र होऊ शकत असे, हे मुंबईत १७७९ साली दिसून आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना 'नमस्कार' हे अभिवादन योजण्यास बंदी केली. व्यापारी कंपनीच्या कौन्सिलने एका जातीच्या तोंडच्या एका शब्दाची दखल घ्यावी, हे आज विचित्र वाटेल. परंतु मागील परिच्छेदातील संकेत ध्यानात घेतला म्हणजे त्यातील तर्क उघड होतो. नमस्कार हा ब्राह्मणाब्राह्मणांतील समानतेचा शब्द होता. तो उच्चारणे म्हणजे त्या वर्तुळात प्रवेशाचा दावा करणे. उच्चार हीच कृती असते, हा ऑस्टिन यांचा सिद्धांत १९६२ साली ग्रंथरूपाने आला. बंदी घालणाऱ्यांना तो सिद्धांताविनाच कळलेला होता.

या उतरंडीच्या तळाशी 'जोहार' होता. महार वतनदाराने पाटलासमोर वा कोणत्याही सवर्णासमोर दुरून म्हणावयाचे हे अभिवादन, बहुधा 'मायबाप' या संबोधनासह. जोहाराला जोहार असे उत्तर मिळत नसे. चौदाव्या शतकात चोखामेळा यांनी व सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी याच शब्दावर रचना केल्या. एकनाथांच्या जोहार-भारुडांत महार हा वक्ता आहे. तो रिवाजाप्रमाणे नम्र जोहार घालतो आणि मग देहरूपी गावाचा कारभार श्रोत्यांना ऐकवून त्यांनाच उपदेश करतो. अभिवादनाने पत्करलेले खालचे स्थान भाषणाच्या ओघात उलटते. अर्थात् हे कीर्तनाच्या रिंगणात, चावडीवर नव्हे. भारुडाने जोहाराची प्रथा मोडली नाही, हे विसरता कामा नये.

ब्राऊन व गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील सर्वनामांचा अभ्यास करून दोन तत्त्वे मांडली : परस्पर समान रूप हे जवळिकीचे वा समानतेचे आणि विषम रूप हे सत्तेचे लक्षण. मराठीत हे सर्वस्वी जुळत नाही. जुन्या घरांत आईला 'तू' व वडिलांना 'तुम्ही' म्हटले जाई. पत्नी पतीस 'अहो' म्हणे आणि पती तिला 'अगं'. विठ्ठलाला तर संतांनी एकेरीतच हाक मारली, प्रसंगी भांडणही केले. गंगाखेडच्या जनाबाईंची वाणी याची साक्ष देईल. असे असले तरी परस्परतेची कसोटी अभिवादनाला लावण्यास चांगली उपयोगी पडते.

निजामी राजवटीत मराठवाड्याच्या व्यवहाराला आणखी एक पदर होता. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फार्सीची जागा उर्दूने घेतली आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत ती राज्यकारभाराची भाषा राहिली. कचेरीत 'हुजूर', 'जनाब', 'आदाब' यांचा शिष्टाचार चाले. फार्सी शिष्टाचाराची एक खूण महाराष्ट्रभरच्या मराठी अर्जांत अजून आढळते : 'मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी'. हा 'मे.' म्हणजे मेहेरबान. (बाजारपेठेत पेढीच्या नावाआधी येणारा 'मे.' निराळा, तो मेसर्स.)

विसाव्या शतकात घडलेला निर्णायक बदल म्हणजे 'जय भीम'. कामठीचे बाबू हरदास यांनी १९३० नंतरच्या दशकात हे अभिवादन प्रचारात आणले. मुसलमानांच्या सलामातील अभिवादन व प्रत्युत्तर ही जोडी त्यांच्यासमोर होती आणि आरंभी 'जय भीम'ला 'बल भीम' असे उत्तर योजले होते, असे सांगतात. पुढे उत्तरही 'जय भीम' हेच झाले. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा तपशील नावाइतकाच महत्त्वाचा आहे. जोहाराची एकमार्गी रचना टाकून तिच्या जागी पूर्ण परस्पर रचना आली. १९५६ च्या धर्मांतरानंतर हे अभिवादन बौद्ध समाजात घरोघरी स्थिरावले. परंतु गावच्या वेशीत त्याचा अर्थ ऐकणारा ठरवीत होता. जोहार ऐकण्याची सवय झालेल्या कानांना 'जय भीम' हे अभिवादन न वाटता आव्हान वाटे.

जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात दलितांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यांत मारले गेले. 'जय भीम' म्हणणे सोडण्यास त्यांनी नकार दिला, अशी त्यांची आठवण आंबेडकरी चळवळीत जपली गेली आहे. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मुंबईतील बंदीनंतर जवळजवळ दोन शतकांनी याच भाषिक प्रदेशात अभिवादनाच्या शब्दासाठी माणसाचा जीव जातो, ही घटना भाषेच्या इतिहासाची सामग्री म्हणूनही नोंदविली पाहिजे. दंगलींच्या इतिहासात ती हरवता कामा नये.

शब्दाच्या अंगी मान वा अपमान उपजत असतो, असा समज यावरून होण्याचा संभव आहे. तो दूर करण्यास 'जोहार' हाच शब्द पुरेसा आहे. झारखंडातील संथाळ, मुंडा आदी आदिवासी आजही परस्परांना 'जोहार' म्हणतात, आणि तेथे जोहाराला जोहार असेच उत्तर मिळते.