पिंपरीचे पेनिसिलिन आणि नळाचे पाणी

पाणी शुद्ध असावे, असे सर्वच म्हणतात. परंतु ते कोणासाठी शुद्ध असावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मनुष्याने प्यावयाच्या पाण्याची शुद्धी एक, आणि ज्या पाण्यात उपकारक सूक्ष्मजंतू वाढवावयाचे त्या पाण्याची शुद्धी निराळी. या दोन शुद्धींमधील भेद पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात उत्तम प्रकारे पाहावयास मिळतो.

पिण्याच्या पाण्याची कथा आधीची आहे. १८५४ साली लंडन शहरात डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीच्या साथीचे मूळ ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यात असल्याचे दाखवून दिले. १८९७ साली इंग्लंडातील मेडस्टन गावी विषमज्वराची साथ पसरली, तेव्हा तेथील नळ ब्लीचिंग पावडरीच्या द्रावणाने निर्जंतुक करण्यात आले; आणि १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीनची नित्य योजना सुरू झाली. क्लोरीन पाण्यात मिसळला म्हणजे हायपोक्लोरस आम्ल तयार होते. ते जंतूच्या कवचातून आत शिरून त्याची जीवनक्रिया बंद पाडते. वाटेतील नळांत नवे जंतू शिरले तर त्यांचाही समाचार घेता यावा, म्हणून शेवटच्या तोटीपर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक ठेवावा लागतो. भारतीय मानकाप्रमाणे तो दर लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. हा पहारेकरी मोठा इमानी खरा. परंतु मित्र कोण आणि शत्रू कोण, हे त्यास ओळखता येत नाही.

आता दुसरी शुद्धी. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान महालात कस्तुरबा गांधी मृत्युशय्येवर असता त्यांच्यासाठी पेनिसिलिन विमानाने आणविण्यात आले. गांधीजींनी ते टोचू दिले नाही, आणि २२ फेब्रुवारीस कस्तुरबांचे देहावसान झाले. या देशात त्या काळी हे औषध किती दुर्मिळ होते, याची कल्पना या एका गोष्टीवरून येते. पुढे दहा वर्षांनी, १९५४ साली, त्याच पुण्यापासून काही मैलांवर पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्रीचे आणि जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञानाचे साहाय्य दिले, आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

पेनिसिलिन ही एका बुरशीची देणगी आहे. मोठ्या बंद टाकीत पाणी, मक्याचा अर्क, शर्करा आणि क्षार यांचे मिश्रण करून त्यात ही बुरशी वाढवितात. ती वाढत असता परका जंतू आत शिरला, तर मोठा अनर्थ ओढवतो. कारण पुष्कळ जंतू पेनिसिलिनेझ नावाचे द्रव्य सोडतात आणि तयार झालेले औषध टाकीतच नष्ट करतात. अर्थात पाणी जंतुरहित हवे. पण क्लोरीनच्या जोरावर ते तसे ठेवावे, तर बुरशीही जगणार नाही. यावर अशा कारखान्यांचा उपाय वाफेचा आहे. सर्व मिश्रण १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. त्या उष्णतेने परके जंतू मरतात. पाण्यात राहिलेला थोडा क्लोरीनही उष्णतेने आणि मिश्रणातील सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावून नाहीसा होतो. मग टाकी निववितात, आणि त्यानंतरच बुरशी घालतात. कडकडीत दुधास विरजण लावू नये, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. येथे नियम तोच आहे: आधी मारक, मग तारक, आणि दोघांची गाठ पडू द्यावयाची नाही.

याच पिंपरीत डॉक्टर थिरुमलाचार यांनी हमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. ते देणाऱ्या जंतूस स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असे नाव मिळाले. एका गावाचे नाव असे सूक्ष्मजंतूस लाभावे, हा मान थोडक्यांच्याच वाट्यास येतो.

हा नियम शेतकऱ्यासही उपयोगी आहे. चाकणच्या आसपास कांदा, भुईमूग व कडधान्ये पिकविणारा शेतकरी ॲझोटोबॅक्टर किंवा रायझोबियम यांचे संवर्धन पाण्यात कालवितो, तेव्हा ते पाणी ताजे नळाचे असल्यास क्लोरीनमुळे संवर्धनातील काही जंतू बियाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मरण्याचा संभव असतो. नळाचे पाणी उघड्या रुंद भांड्यात एक दिवस ठेवले, अथवा उकळून निववले, म्हणजे मोकळा क्लोरीन बहुतांशी उडून जातो. क्लोरामाइन असेल तर मात्र नुसते ठेवून भागत नाही. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने घ्यावयाच्या बाटल्यांत सोडियम थायोसल्फेट घालून ठेवतात, ते याच कारणास्तव. एरवी क्लोरीन वाटेतही जंतू मारीत राहील आणि तपासणी खोटी ठरेल. मात्र क्लोरीन गेलेले पाणी उघड्यावर निराधार असते. ते पिण्यासाठी साठवू नये.

सांडपाण्याच्या बाबतीत हाच क्रम उलटा होतो. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी हवा खेळवून जंतूंच्या गाळाकरवी मैला शुद्ध करण्याची रीत प्रसिद्ध केली. पवना व इंद्रायणी या नद्यांच्या काठच्या वस्त्यांचे मैलापाणी शुद्ध करण्यासही असेच जंतू कामी येतात. तेथे जंतूंना आधी आपले काम करू द्यावे लागते. क्लोरीन शेवटी, काम पुरे झाल्यावर. एखाद्या कारखान्याने जंतुनाशके अथवा विषारी द्रव्ये गटारात सोडली, तर हे मुके कामकरी मरतात, आणि न शुधलेले पाणी नदीत जाते. त्याचा भार पुढच्या गावच्या नळास सोसावा लागतो.