चिकाचे दूध

गाय व्याली की चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. पण बाळंतिणीचा पिवळसर चीक मात्र 'बाळाला बाधेल' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मधाचे बोट चाटवायचे, ही रीत कित्येक घरांत चालत आली. समजूत जुनी आहे. दूध तीन-चार रात्रींनी उतरते, असे सांगून सुश्रुतसंहितेने पहिल्या दिवशी मध-तूप सुचविले. दुसऱ्या शतकातल्या सोरेनस या ग्रीक वैद्यानेही आईचे पहिले दूध वर्ज्य मानले. १७४८ साली इंग्लंडात विल्यम कॅडोगन याने उलट सांगितले : याच दुधाने बाळाचे पोट साफ होते. चिकात रोगाशी झुंजणारी द्रव्ये असतात, हे पुढे शास्त्राने दाखविले. म्हणून तासाभरातच बाळाला पाजावे. वर्षाच्या आत मध नकोच. आजीची माया खरीच; बदलायची ती रीत.