पार्थेनॉनच्या तीन जखमा

ग्रीस देशाचा प्रवासी अथेन्स नगरींत उतरला म्हणजे त्याची दृष्टि प्रथम वळते ती अक्रॉपोलिस टेकडीकडे. तिच्या माथ्यावर अथीना देवीचें पार्थेनॉन हें मंदिर उभें आहे. पेरिक्लीस याच्या कारकीर्दींत, इ. स. पूर्वी ४४७ ते ४३२ या काळांत, इक्टिनस व कॅलिक्रेटीस या स्थपतींनीं तें उभारिलें. शिल्पकामावर देखरेख फिडियस याची होती. पुढें या मंदिराचें चर्च झालें आणि चर्चची मशीद झाली. तरी इमारत बरीचशी शाबूत होती. तिच्या आजच्या भग्नावस्थेचा इतिहास मुख्यतः तीन जखमांचा आहे.

पहिली जखम युद्धाची. १६८७ सालीं तुर्कांनीं मंदिरांत दारूचें कोठार केलें होतें. २६ सप्टेंबर रोजीं व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला आणि दोन हजार वर्षें टिकलेली वास्तु क्षणार्धांत मधोमध फुटली.

दुसरी जखम संग्रहाची. तुर्की दरबारांतील इंग्रज वकील लॉर्ड एल्जिन याच्या माणसांनीं १८०१ पासून येथील शिल्पें उतरवून इंग्लंडला नेलीं. १८१६ सालीं ब्रिटिश सरकारनें तीं ३५,००० पौंडांस विकत घेतलीं. एल्जिननें तीं नाशापासून वाचविलीं, असें त्याचे कैवारी म्हणतात. परंतु १९३७-३८ मध्यें लंडनच्या त्याच संग्रहालयांत, शिल्पें पांढरीं दिसावींत म्हणून, धातूच्या हत्यारांनीं त्यांचा जुना पृष्ठभाग खरवडला गेला, हेंही विसरतां येत नाहीं.

तिसरी जखम दुरुस्तीची. आणि तीच सर्वांत विचार करावयास लावणारी. १८९८ ते १९३३ या काळांत निकोलाओस बालानोस या ग्रीक इंजिनियरानें कोसळलेले स्तंभ पुन्हां उभे केले. हेतु चांगला होता. प्राचीन कारागीरही दगड जोडण्यास लोखंडच वापरीत. पण त्याभोंवतीं ते शिसें ओतीत, त्यामुळें त्यास ओल लागत नसे. बालानोसनें तें लोखंड उघडेंच बसविलें. लोखंड गंजलें म्हणजे फुगतें. तें फुगलें आणि संगमरवर आंतूनच तडकला. १९७५ सालीं ग्रीक सरकारनें तज्ज्ञांची समिति नेमली. तिच्या देखरेखीखालीं तें लोखंड काढून न गंजणारें टायटेनियम बसविण्यांत आलें.

टेकडीच्या पायथ्याशीं २००९ सालीं नवें संग्रहालय उघडलें. तेथें मूळ शिल्पपट्टाचे मधाच्या रंगाचे दगड आहेत आणि लंडनला गेलेल्या भागांच्या जागीं पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृति आहेत. अंध मनुष्याखेरीज कोणासही तो भेद सांगावा लागत नाहीं.

शत्रूनें केलेली जखम इतिहासांत शत्रूच्या नांवावर पडते. पण येथें दोन जखमा रक्षक म्हणविणाऱ्यांच्या हातून झाल्या आहेत. म्हणून प्रवाशानें स्तंभांची उंची पाहून परत फिरूं नये. दगडांचे सांधेही पाहावेत. जुन्या वास्तूवर प्रेम असणें पुरेसें नसतें, तिच्या कारागिराइतकें ज्ञानही असावें लागतें, हें त्या सांध्यांतच लिहिलेलें आहे.