व्हर्च्युअल मशीनला कोअर किती द्यावेत?

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, अर्थात व्हर्च्युअल मशीन, चालविण्याची कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच ती आपल्या मोठ्या संगणकांवर अमलात आणली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. इंटेल प्रोसेसरच्या सर्व्हरसाठी व्हीएमवेअरचा ईएसएक्स सर्व्हर २००१ मध्ये आला. यंत्र मंद चालू लागले की त्याला आणखी कोअर द्यावेत, हा समज मात्र तेव्हापासून टिकून आहे. अनेकदा त्यानेच दुखणे वाढते.

यंत्राला चार आभासी कोअर दिले, म्हणून चार प्रत्यक्ष कोअर त्याच्यासाठी राखून ठेवले जात नाहीत. एका वेळी जास्तीत जास्त चार कोअर मागण्याची मुभा त्याला मिळते, एवढेच. कोणाला कधी संधी द्यायची, हे हायपरवायजर ठरवतो. सोळा कोअरच्या सर्व्हरवर प्रत्येकी चार कोअरची आठ यंत्रे ठेवली, तर मागणी बत्तीसची होते. सारी यंत्रे एकाच वेळी कामाला लागत नाहीत, तोवर हे निभावून जाते. हायपर-थ्रेडिंगमुळे अशा सर्व्हरवर बत्तीस प्रोसेसर दिसतात खरे. पण त्यामुळे काम दुप्पट होत नाही. कागदावरचा हा हिशेब अनेकांना फसवतो.

जादा कोअरचा खरा त्रास त्यांच्या परस्परमेळात आहे. यंत्रातील ऑपरेटिंग सिस्टीम आपले सारे कोअर एकाच गतीने चालतात असे गृहीत धरते. एक कोअर पुढे आणि दुसरा थांबलेला, अशी स्थिती झाली की पुढचा कोअर मागच्याची वाट पाहत वेळ दवडतो. म्हणून ईएसएक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत असे अंतर फार वाढल्यास पुरेसे प्रत्यक्ष कोअर एकदम मोकळे होईपर्यंत संपूर्ण यंत्र थांबवले जाई. चार जणांच्या कुटुंबाने एकत्र चार जागा मिळाल्याशिवाय एसटीत चढायचेच नाही, असा तो प्रकार. २००६ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून हा नियम शिथिल झाला, तरी गर्दीच्या सर्व्हरवर मोठ्या यंत्राला खोळंबा सोसावाच लागतो.

हा खोळंबा विंडोज यंत्राच्या टास्क मॅनेजरमध्ये स्पष्ट दिसत नाही. तो पाहायचा तर व्हीएमवेअरमध्ये ‘सीपीयू रेडी’ हा आकडा आहे. लिनक्स यंत्रात ‘स्टील’ या नावाने तशीच नोंद मिळते. वीस सेकंदांच्या नोंदीत १,००० मिलिसेकंद रेडी म्हणजे ५ टक्के वेळ केवळ रांगेत गेला. यंत्राचा आकडा सर्व कोअरची बेरीज असतो, तेव्हा त्याला कोअरच्या संख्येने भागावे. प्रत्येक कोअरमागे ५ टक्क्यांहून अधिक रेडी सतत दिसत असेल, तर शेजारच्या यंत्रांचे रिकामे कोअर काढून घेणे हा पहिला उपाय.

दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर आणखी एक पथ्य आहे. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची जवळची मेमरी असते आणि दुसऱ्याच्या मेमरीपर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. प्रत्येकी आठ कोअरचे दोन प्रोसेसर असतील, तर दहा कोअरचे यंत्र दोन्हींवर विभागले जाते. आठ कोअरचे यंत्र, त्याची मेमरीही त्याच बाजूला मावत असेल तर, अधिक चपळ ठरू शकते.

शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरचा परवाना २०१२ च्या आवृत्तीपासून कोअरवर मोजण्यास सुरुवात केली. एकेका यंत्राचा परवाना घ्यायचा, तर आभासी कोअर मोजले जातात आणि किमान चार कोअरचे पैसे भरावे लागतात. त्यामुळे डेटाबेसच्या यंत्राला सहज म्हणून दिलेले आठ कोअर वापराविना पडून राहिले, तरी त्यांचे बिल येते.